कातळावरचा लव्हाळा नवा ठरवताना: सड्यापासून प्रकाशनापर्यंत

रत्नागिरी-राजापूरच्या जांभ्याच्या सड्यांवर किंवा कास-मसाईसारख्या घाटमाथ्यावरच्या पठारांवर बोटभर उंचीचा, ओळखीच्या कुठल्याच किल्लीत (लक्षणांवरून नाव शोधायच्या तक्त्यात) न बसणारा लव्हाळा सापडला की बहुतेक जण आधी नाव ठरवतात, मग नमुने जमवतात आणि शेवटी नाइलाज म्हणून जुन्या प्रजातींशी तुलना करतात. क्रम नेमका उलटा हवा. आधी तुलना, मग टाइप (ज्या नमुन्याशी नाव कायमचं बांधलेलं असतं तो), आणि नाव सगळ्यात शेवटी.

कातळावर एक अडचण जास्तीची असते. जांभ्यावर माती असते बोटभर, कुठे तेवढीही नाही. ती आम्लधर्मी, लोह-ॲल्युमिनियमने भरलेली आणि पोषणाला कमी. पावसात ती पाण्याखाली असते आणि पाऊस थांबला की काही दिवसांत भाजून निघते. अशा जागी ओळखीचा लव्हाळाही खुजा, कमी फांद्यांचा, एकाच कणिशिकेचा (फुलांच्या बारीक कणसाचा) होतो. म्हणून इथे आकार आणि उंची यांवर कमी विश्वास ठेवायचा, पिकलेल्या फळावर जास्त. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पायरी १: निघण्याआधी

परवानगी पहिली. सडा ओसाड दिसतो म्हणून तो बेवारस नसतो. काही सडे खासगी मालकीचे, काही गायरान, काही देवस्थानाचे, काही वनखात्याच्या ताब्यातले. मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारा, वनजमीन असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घ्या आणि तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. बरीच नियतकालिकं तो आता मागतात आणि तेव्हा मागच्या तारखेची परवानगी कोणी देत नाही.

मग हंगाम. सड्यावरचे बरेचसे लव्हाळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलोऱ्यावर असतात आणि त्यांची फळं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पिकतात. फुलं बघायला लोक ऑगस्टमध्ये पठारावर जातात आणि लव्हाळाही तेव्हाच उपटून आणतात. तो नमुना सुंदर दिसतो, पण ओळखीच्या दृष्टीने अर्धा असतो. एकाच जागी निदान दोन फेऱ्या ठेवा: एक फुलोऱ्याला, एक फळाला. ऑक्टोबरची फेरी लांबवू नका. पाऊस उघडला की कणिशिका खालून वर झडायला लागतात, गुरं चरतात आणि उरलेलं वाऱ्यावर जातं.

सामान साधं आहे: खुरपं, जाड पात्याचा चाकू, दहा ते वीसपट मोठं दाखवणारं भिंग, जीपीएस, दाबपेटी, भरपूर वर्तमानपत्रं, कागदी पाकिटं, सिलिका जेल, सत्तर टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटल्या आणि पेन्सिल. पेनाची शाई सड्यावरच्या पावसात टिकत नाही.

निघण्यापूर्वी जुनं वाचन करून जा. भारतातल्या लव्हाळ्यांसाठी अजूनही सी. बी. क्लार्कने ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या सहाव्या खंडात केलेल्या मांडणीपाशी यावंच लागतं, आणि मुंबई इलाख्यासाठी थिओडोर कुककडे. त्यातली जीनसची (जवळच्या प्रजातींच्या गटाची) नावं बरीच बदललीत, पण वर्णनं कामाची आहेत.

तपासणी: तुमच्या भागातून आधी नोंदलेल्या लव्हाळ्यांची यादी हाताशी आहे का? नसेल तर सड्यावर जाऊन तुम्ही काय शोधताय हेच तुम्हाला कळणार नाही.

पायरी २: सड्यावर

आधी हे गवत नाही ना, ते बघा. लव्हाळ्याची पानं तीन रांगांत असतात, पानाचं आवरण खोडाभोवती बंद नळीसारखं असतं आणि खोड बहुधा त्रिकोनी व भरीव. गवताची पानं दोन रांगांत, आवरण बहुधा उघडं. पांढऱ्या गोल डोक्याचा गेंदही नवख्यांना चकवतो, पण त्याचं कुळच वेगळं.

उपटू नका, खणा. तळ महत्त्वाचा आहे. झाड एकवर्षायू आहे की रायझोमवाला (जमिनीखालच्या आडव्या खोडाचा), तळाला जुन्या पानांचे तंतू आहेत का, गाठ आहे का, हे सगळं मातीखाली असतं. कातळाच्या फटीतून निघत नसेल तर आजूबाजूची माती पाण्याने भिजवून, चाकूने हळूहळू सोडवा. तळाशिवायचा नमुना टाइप म्हणून ठेवायचा विचारही करू नका.

मग उंचीचा प्रश्न सोडवायला एकाच जागेतल्या वेगवेगळ्या मातीतले नमुने घ्या: उघड्या कातळावरचे, खळग्यातले, झिरपणाऱ्या ओघळातले, आणि सड्याच्या कडेला जिथे माती जाड होते तिथलेही. कडेची झाडं मोठी आणि भरपूर फांद्यांची असतील आणि मधली खुजी, तर दोन प्रजाती आहेत की एकच, हे ठरवायला तुमच्याकडे साखळी तयार होते. नव्या प्रजातीच्या दाव्यात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: मधला एकच खुजा पुंजका आणला जातो आणि कडेचा मोठा नमुना कोणी बघितलेलाच नसतो. प्रत्येक सूक्ष्म अधिवासातले नमुने वेगळ्या क्रमांकाने ठेवा.

थोडंच घ्या. पुंजके मोजा, अंदाज लिहा, मग ठरवा. झाडं मोजकीच असतील तर फोटो, दोन-तीन नमुने आणि परत येण्याची तारीख एवढंच पुरे.

वहीत काय हवं: गाव, तालुका, सड्याचं स्थानिक नाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, मातीची खोली सेंटिमीटरमध्ये, पाणी साचलेलं होतं की वाहतं, सोबतच्या वनस्पती, ताज्या फुलोऱ्याचा रंग. “जांभ्याचा सडा” एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. एकाच सड्यावर तिन्ही-चारी प्रकारच्या जागा असतात आणि प्रत्येकीतला लव्हाळा वेगळा असू शकतो.

सावधान: छोटे लव्हाळे एकमेकांत मिसळून उगवतात. हातभर जागेतून उपटलेल्या मुठीत तीन वेगवेगळ्या प्रजाती निघू शकतात. दाबण्यापूर्वी प्रत्येक रोप वेगळं करून भिंगाखाली बघा. ही सवय लावली नाही, तर पुढे टाइपच्या शीटवर भलतंच रोप चिकटलेलं निघतं आणि प्रकरण वर्षानुवर्षं चालतं.

पायरी ३: दाबणं आणि वाळवणं

पावसाळ्यात कागद रोज बदला, पहिले दोन दिवस तर दिवसातून दोनदा. बुरशी आली की कणिशिकेचा रंग जातो. उंच खोड असेल तर ते व्ही किंवा एन आकारात मोडून बसवा, कापू नका. हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाची, शीट साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरची असते, त्यात मावेल असं ठेवा. झडलेली फळं पाकिटात घालून शीटलाच जोडा. ती वेगळी ठेवली तर वेगळीच होतात.

काही कणिशिका अल्कोहोलमध्ये, थोडी कोवळी पानं डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये. जेलमधल्या पाकिटावर तोच गोळा-क्रमांक टाका.

पायरी ४: जीनस पक्की करा

“नवी प्रजाती” म्हणून आलेल्या कितीतरी नमुन्यांची जीनसच चुकलेली असते. सड्यावर बहुधा प्रश्न फिम्ब्रिस्टायलिस, बल्बोस्टायलिस, सायपेरस, इलिओकॅरिस, रिंकोस्पोरा आणि स्क्लेरिया यांच्यातला असतो.

कणिशिका कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून भिजवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली उघडा. क्रमाने बघायचं:

– तुसं, म्हणजे ग्लूम, दोन रांगांत आहेत की गोल फिरत वर जातात? सायपेरसमध्ये बहुधा दोन रांगा, फिम्ब्रिस्टायलिसमध्ये बहुधा सर्पिल.
– फळाच्या तळाशी केस किंवा काटे आहेत का? फिम्ब्रिस्टायलिस आणि बल्बोस्टायलिसमध्ये नसतात. इलिओकॅरिस आणि रिंकोस्पोरात बऱ्याचदा असतात.
– कुक्षिवृंताचा (फळाच्या टोकावरच्या बारीक दांडीचा) तळ फळावर राहतो की गळून जातो? फिम्ब्रिस्टायलिसमध्ये गळतो. बल्बोस्टायलिसमध्ये बारीक गाठीसारखा उरतो, शिवाय तिथे पानाच्या आवरणाच्या तोंडाशी लांब केस असतात.
– पानाचं पातंच नाही आणि खोडाच्या टोकाला एकच कणिशिका आहे? इलिओकॅरिस तपासा.
– फुलं एकलिंगी आणि फळ पांढरं, हाडासारखं कठीण? स्क्लेरिया.

पायक्रियस, किलिंगा, लिपोकार्फा ही नावं आता अनेक अभ्यासक सायपेरसमध्येच धरतात. तुमच्या लेखात कोणती मांडणी मानता ते सुरुवातीला लिहा, नाहीतर परीक्षक पहिल्या पानावरच अडवतो.

तपासणी: कुक्षिवृंताचा तळ फक्त पिकलेल्या फळावर बघितला का? कोवळ्या फळावर तो फिम्ब्रिस्टायलिसमध्येही चिकटलेलाच असतो.

पायरी ५: तो जुनाच नाही ना, हे पडताळा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यायचा आहे. महिने लागले तरी चालेल.

जवळच्या प्रजातींची यादी करा, आणि ती महाराष्ट्रापुरती ठेवू नका. लव्हाळ्यांच्या प्रजाती दूरवर पसरतात. कोकणातल्या कातळावर प्रथमच दिसलेला लव्हाळा केरळात, श्रीलंकेत, आग्नेय आशियात किंवा आफ्रिकेत केव्हाच नोंदलेला असू शकतो. मग तो राज्यासाठी किंवा देशासाठी नवी नोंद ठरतो. तीही चांगली गोष्ट आहे. तिला नव्या प्रजातीचे कपडे घालायची गरज नाही.

शिवाय जुनी नावं शोधा. आजच्या फिम्ब्रिस्टायलिसमधल्या बऱ्याच प्रजाती मुळात स्किर्पसमध्ये वर्णिल्या गेल्या. आयपीएनआय (वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय सूची) आणि प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइनवर समानार्थी नावांसकट बघा. आज जी नावं एखाद्या सामान्य प्रजातीत विलीन केलेली आहेत, त्यांतलंच एखादं तुमच्या रोपाला तंतोतंत लागू पडू शकतं. तसं झालं तर ते जुनं नाव पुन्हा उभं करायचं असतं, नवं द्यायचं नसतं.

मग टाइप बघा. मूळ वर्णन वाचणं पुरेसं नाही, कारण शंभर वर्षांपूर्वीचं वर्णन चार ओळींचं असतं. लंडनमधल्या क्यूसारख्या मोठ्या हर्बेरियमच्या टाइप-शीटची छायाचित्रं ऑनलाइन मिळतात. पण शीटच्या छायाचित्रात फळाचा पृष्ठभाग दिसत नाही, म्हणून शक्य तिथे प्रत्यक्ष नमुना बघा. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, हावड्यात केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम. यातल्या निदान दोन ठिकाणी जाऊन त्या जीनसची सगळी कपाटं उघडायची, “अनोळखी” लिहिलेल्या फोल्डरसकट. तुमचा लव्हाळा तिथे चुकीच्या नावाखाली निघाला तर तुम्हाला आणखी ठिकाणं मिळतात आणि दावा भक्कम होतो.

मोजमाप असं करा:

– वेगवेगळ्या रोपांवरून घ्या. एकाच रोपाच्या दहा कणिशिका म्हणजे एकच माप.
– ग्लूम कणिशिकेच्या मधल्या भागातलं घ्या. तळाची आणि टोकाची आकाराने वेगळी असतात.
– फळ पिकलेलं, पूर्ण रंगलेलं. लांबी, रुंदी, छेद त्रिकोनी की दोन्हीकडून फुगीर, देठ, पृष्ठभागावरच्या पेशींची ठेवण.
– कुक्षी दोन की तीन, पुंकेसर किती, परागकोशाची लांबी.
– उंची, पानाची लांबी, फांद्यांची संख्या मोजा जरूर, पण फरकाच्या तक्त्यात सर्वांत खाली ठेवा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सोय असेल तर फळाचं छायाचित्र घ्या, आणि शेजारच्या प्रजातीच्या फळाचंही, त्याच कोनातून. एकाच फळाचं चित्र देऊन “पृष्ठभाग वेगळा आहे” म्हणणारे लेख मी अर्ध्यावर सोडतो.

कातळाच्या बाबतीत एक चाचणी मला अनिवार्य वाटते, आणि ती फारच कमी जण करतात. पिकलेली फळं किंवा दोन-तीन रोपं खोल, पोषक मातीच्या कुंडीत एक हंगाम वाढवा. शेजारी सर्वांत जवळच्या प्रजातीची रोपं त्याच मातीत. तुमचा खुजा लव्हाळा तिथे उंच, अनेक कणिशिकांचा झाला आणि शेजाऱ्यासारखा दिसायला लागला, तर एक लेख लिहायचा वाचला आणि एक अनावश्यक नाव टळलं. खुजेपणा तसाच राहिला, फळाचा फरकही टिकला, तर हे परीक्षकाला दाखवण्याजोगं पुरावा-चित्र आहे.

डीएनए हवं का? मदत होते, विशेषतः आयटीएससारख्या डीएनएच्या ठरावीक भागांची तुलना. पण शेजारच्या प्रजातीचे नीट ओळखलेले नमुने त्यात नसतील तर वंशवृक्षावरची तुमची फांदी एकटी दिसणारच. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

सावधान: फिम्ब्रिस्टायलिस डायकोटोमा ही भयंकर बदलणारी प्रजाती आहे. तिच्या आसपासचं काहीही नवं म्हणण्यापूर्वी तिची निदान पंधरा-वीस ठिकाणांची शीटं मांडून बघा. फरक एका सलग रेषेत विरघळून गेला तर तिथेच थांबा.

पायरी ६: टाइप निवडा

नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नव्या प्रजातीच्या नावाला टाइप लागतो. १९९० पासून “होलोटाइप” (टाइप म्हणून निवडलेला एकमेव नमुना) किंवा तसा शब्द स्पष्ट लिहावा लागतो आणि तो कोणत्या एका हर्बेरियममध्ये आहे तेही सांगावं लागतं. तुमच्या विभागातलं कुलूपबंद कपाट म्हणजे हर्बेरियम नव्हे.

इथली नेहमीची चूक अशी: ऑगस्टचा फुलोऱ्याचा आणि ऑक्टोबरचा फळाचा नमुना मिळून होलोटाइप दिला जातो. हे दोन वेगळे संग्रह आहेत. टाइप एकाच संग्रहातून, म्हणजे एका वेळी, एका जागी, त्याच व्यक्तींनी गोळा केलेल्या साहित्यातून घ्यावा लागतो. दोन दिले तर टाइप ठरतच नाही आणि नाव वैध प्रकाशितच होत नाही. ऑक्टोबरचा, तळ आणि पिकलं फळ दोन्ही असलेला संग्रह होलोटाइपला घ्या. त्याचेच जास्तीचे नमुने आयसोटाइप म्हणून दुसऱ्या हर्बेरियमना द्या. ऑगस्टचा पॅराटाइपमध्ये (लेखात उल्लेखलेल्या इतर नमुन्यांत) लिहा. छोट्या लव्हाळ्याची अनेक रोपं एका शीटवर चालतात, मात्र ती एकाच संग्रहातली आणि एकाच प्रजातीची हवीत.

आणि कायदा: २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नव्याने शोधलेल्या प्रजातीची माहिती नेमून दिलेल्या भांडारसंस्थेला कळवून तिथे नमुना जमा करायचा असतो. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर परवानग्यांचा वेगळा अध्याय सुरू होतो. तो पार्सल बांधण्याआधी वाचा.

तपासणी: होलोटाइपच्या शीटवरचं प्रत्येक रोप, एक एक, पुन्हा भिंगाखाली बघितलं का?

पायरी ७: निदान, वर्णन, चित्र

निदान छोटं ठेवा: सर्वांत जवळची प्रजाती कोणती आणि ठळक तीन-चार फरक कोणते. वर्णन लांब, आणि नेहमीच्या क्रमाने: तळ, खोड, पान, सहपत्रं, फुलोरा, कणिशिका, ग्लूम, पुंकेसर, कुक्षी, फळ. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालतं. मराठीतलं वर्णन कितीही सुरेख असलं तरी संहितेच्या लेखी ते मोजलं जात नाही.

निदानात “आकाराने लहान” हा पहिला फरक असेल तर लेख परत पायरी ५ ला न्या.

रेखाचित्रात प्रत्येक भागाशेजारी मोजपट्टी हवी. आख्खं रोप, आवरणाचं तोंड, कणिशिका, ग्लूम, फूल, फळ आणि त्याचा छेद. सोबत ओळखीची किल्ली द्या, ज्यात तुमच्या भागातल्या सगळ्या जवळच्या प्रजाती येतील. ती एखाद्या विद्यार्थ्याला देऊन अनोळखी शीट ओळखायला सांगा. तो अडला तिथे किल्ली दुरुस्त करा.

पायरी ८: नाव

आता नाव. आधी तपासा की त्या जीनसमध्ये तेच विशेषनाम (नावातला जीनसनंतरचा दुसरा शब्द) पूर्वी कोणी वापरलेलं नाही, मग ती प्रजाती जगाच्या कुठल्याही टोकाची असो आणि ते नाव आज वापरात नसलं तरी. मग लिंग: फिम्ब्रिस्टायलिस, बल्बोस्टायलिस, इलिओकॅरिस, स्क्लेरिया स्त्रीलिंगी, सायपेरस पुल्लिंगी. स्थळावरून “-एन्सिस” पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्हीला चालतं. नपुंसकलिंगी जीनसला “-एन्स” लागतं, जसं रत्नागिरीच्या सड्यांवर उगवणारं डिपकाडी कोंकणेन्स. व्यक्तीचं नाव देताना स्त्रीसाठी आणि पुरुषासाठी शेवट वेगळा असतो. स्वतःचं नाव देऊ नये, असं संहितेने वेगळं सांगायची गरज पडू नये.

मला विचाराल तर जागेचं किंवा लक्षणाचं नाव बरं. मात्र ती प्रजाती पुढे चार जिल्ह्यांत सापडली तर एका गावाचं नाव अडचणीचं होतं, तेव्हा गावापेक्षा प्रदेश घ्या.

पायरी ९: धोक्याची वर्गवारी

एकाच सड्यावर मिळाली म्हणून थेट “अतिसंकटग्रस्त” लिहू नका. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या भौगोलिक निकषात विस्तारक्षेत्र १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी किंवा व्यापलेलं क्षेत्र १० पेक्षा कमी हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही. ठिकाणांची संख्या, सतत होणारी घट आणि टोकाचे चढउतार या तीन अटींपैकी दोन दाखवाव्या लागतात. व्यापलेलं क्षेत्र दोन बाय दोन किलोमीटरच्या चौकटीत मोजतात, म्हणजे एका ठिकाणालाही किमान ४ चौरस किलोमीटर येतात.

घट प्रत्यक्ष दाखवा: चिरेखाण किती सरकली, कातळ फोडून आंब्याची कलमं कुठे लागली, रस्ता कुठून गेला. आसपासचे सडे शोधलेच नसतील तर “अपुरी माहिती” हीच प्रामाणिक वर्गवारी. नेमके अक्षांश-रेखांश छापायचे की नाही, हेही इथेच ठरवा. खोदून नेण्याजोगी शोभेची झाडं नसली तरी सगळ्या झाडांनी एकच खळगा धरलेला असेल तर गावापर्यंतचाच तपशील छापावा.

पायरी १०: प्रकाशन

आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असलेलं नियतकालिक निवडा. रीडिया, फायटोटॅक्सा, क्यू बुलेटिन अशांत लव्हाळे जाणणारे परीक्षक मिळतात. पैसे भरा आणि आठ दिवसांत छापू म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

लेख छापून येण्याआधी नाव बाहेर जाऊ देऊ नका. वर्तमानपत्रातली बातमी, प्रबंध किंवा प्रीप्रिंट (प्रकाशनाआधी ऑनलाइन ठेवलेला मसुदा) यांतून नाव वैध होत नाही. पण ते एकदा गटागटांत फिरलं की दुसरा कोणी तेच रोप वेगळ्या नावाने आधी छापू शकतो, आणि अग्रक्रम छापणाऱ्याला मिळतो.

प्रूफ आलं की चार गोष्टी स्वतः वाचा: होलोटाइपचा गोळा-क्रमांक आणि तारीख, हर्बेरियमचं संक्षिप्त नाव, विशेषनामाचं स्पेलिंग सगळीकडे एकच, आणि निदानातली मापं तक्त्यातल्या मापांशी जुळतात का. प्रकाशनानंतर आयसोटाइप आणि पॅराटाइपच्या शीटांवर नव्या नावाच्या चिठ्ठ्या लावा, हर्बेरियमच्या फोल्डरमध्ये चुकीच्या नावाखाली सापडलेल्या जुन्या शीटांवरही, आणि लेखाची प्रत त्या सड्याच्या ग्रामपंचायतीला पाठवा.